सरांचं वजन

परवा टीव्हीवर अंतराळातून परत आलेली माणसं दाखवत होते. यानाचं दार उघडलं, आतल्या एकेकाला बगलेत हात घालून बाहेर काढलं, खुर्चीत बसवलं आणि चौघांनी खुर्चीसकट उचलून नेलं. महिनोन्महिने वजनाशिवाय राहिलं की हाडं झिजतात, पायांना स्वतःचा भारसुद्धा पेलवत नाही, असं निवेदिका गंभीर चेहऱ्याने सांगत होती. मी मेथी निवडत होते. मेथी बाजूला ठेवली आणि पोटभर हसून घेतलं. मला पिशोरकर सर आठवले.

आठवले म्हणजे आदराने नव्हे. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. सर गेलेले नाहीत, विमानतळाच्या बाजूच्या नव्या वस्तीत मजेत राहतात, त्यामुळे ती अडचण नाही.

प्राध्यापक मनोहर पिशोरकर. घराणं मूळचं पिशोरचं. आधी भिक्षुकी, मग आजोबांच्या काळात निजामाच्या कचेरीत कारकुनी, आणि सरांच्या वाट्याला कॉलेजात पदार्थविज्ञान. जालना रोडच्या आतल्या अंगाला, चिकलठाण्याच्या अलीकडे आमची साईकृपा इमारत होती. तिसऱ्या मजल्यावर त्यांचं आणि माझं दार समोरासमोर. मी शाळेत मराठी शिकवायचे म्हणून इमारतीत मला बाई म्हणत आणि त्यांना सर. मला कुणी नुसत्या नावाने हाक मारली तरी मी ओ देत असे. सर देत नसत. माणूस दिसायला भारदस्त. गोरापान वर्ण, रुंद कपाळ, घुमणारा आवाज आणि चालताना दोन्ही हात पाठीमागे बांधलेले. ते हात पाठीमागे का, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं. हात पुढे असले की कुणीतरी त्यांत काहीतरी देतं.

निवृत्त व्हायच्या आधी सर कुठल्याशा अंतराळविषयक शिबिराला जाऊन आले. शिबिर शिक्षकांसाठी होतं आणि शनिवार-रविवारात संपलं होतं. येताना सदऱ्याला एक बिल्ला लावून आले. तो बिल्ला मग निघालाच नाही. सकाळी पेपर घ्यायला दार उघडलं तरी तो छातीवर असे. बोलायची सुरुवातही बदलली. "आम्ही अंतराळवाले," असं म्हणून सर गवारीच्या भावावरसुद्धा मत द्यायला लागले. सुट्टीत दौलताबादचा किल्ला चढून आलेल्याने उद्यापासून स्वतःला यादव राजा म्हणवून घ्यावं, तसलाच हा प्रकार. पण आपल्याकडे माणूस ठासून बोलला की लोक पुरावा मागत नाहीत. सरांना व्याख्यानांची आमंत्रणं यायला लागली.

विषय एकच. 'अंतराळवीरांची हाडे : व्यायाम आणि आहार'. त्यात खोटं काही नव्हतं हे आधी सांगते, नाहीतर माझा राग शास्त्रावर आहे असं वाटायचं. अंतराळात वजन जाणवत नाही. हाडांवर भार पडला नाही की शरीर म्हणतं, एवढी भक्कम हाडं सांभाळायची कशाला, आणि त्यातलं कॅल्शियम बाहेर टाकायला लागतं. म्हणून ती माणसं रोज यंत्रावर जोर काढतात, पट्ट्यांनी स्वतःला बांधून घेऊन धावतात, आणि त्याबरोबर मोजूनमापून सकस खातात. नुसता भार देऊन भागत नाही. गवंडी कितीही राबला तरी वीट-सिमेंट आल्याशिवाय भिंत उभी राहत नाही. हे सगळं सर रंगवून सांगत. म्हणजे व्यायामापर्यंतचं. आहारापर्यंत ते कधी पोचलेच नाहीत.

माझ्या शाळेत आले तेव्हाचं सांगते. नववीचा वर्ग तासभर चिडीचूप बसला होता, कारण सरांनी वर्गातल्या सगळ्यात दांडग्या मुलाला बाक उचलायला लावलं होतं आणि तो पाडतो का हे सगळ्यांना बघायचं होतं. शेवटी एक मुलगी उभी राहिली आणि तिने विचारलं, "सर, पण ते लोक तिथं खातात काय?" सरांनी घड्याळ पाहिलं. "आहार हा स्वतंत्र विषय आहे," ते म्हणाले, "पुढल्या खेपेला घेऊ." पुढली खेप आलीच नाही. गणेश मंडळात तेच, महिला मंडळात तेच. ज्येष्ठ नागरिक संघात तर निम्मे लोक फक्त काय खावं हे ऐकायला आले होते. त्यांनाही स्वतंत्र विषयावर परत पाठवलं.

सरांचा लाडका शब्द वजन. "वजन आहे म्हणून आपण आहोत," हे वाक्य भाषणाच्या सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा यायचं. भाषण संपलं की तोच शब्द दुसऱ्या अर्थाने सुरू. महापालिकेत माझं वजन आहे. पाणीपुरवठ्याचा इंजिनिअर माझा विद्यार्थी, तिथं माझं वजन पडतं. नगरसेवकाकडे जरा वजन वापरावं लागेल. मी वर्गात श्लेष शिकवताना हाच शब्द उदाहरणाला घ्यायचे आणि मनातल्या मनात सरांचे आभार मानायचे. तोंडाने दोन्ही अर्थांचं वजन वागवणाऱ्या या माणसाने हाताने मात्र कधी भाजीची पिशवीही उचलली नव्हती.

ती सुमनवहिनी उचलत. वहिनी म्हणजे सरांच्या पत्नी. चण बारीक, आवाज हळू, पदर कायम खोचलेला. आमच्या दारात आल्या तरी आत येत नसत. या म्हटलं की म्हणत, "नको, गॅसवर ठेवून आलेय." इतक्या वर्षांत त्यांच्या गॅसवर काही नाही असा दिवस उजाडलाच नसावा. चहा दिला तर उभ्याउभ्या घेत. दूध पुढे केलं तर म्हणत, "मला नाही आवडत." हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग ती दुष्काळाची वर्षं आली. तेव्हा शहराचं नाव औरंगाबादच होतं. एका वर्षी पाऊस आला नाही, दुसऱ्या वर्षी आल्यासारखं करून गेला. जायकवाडीत पाण्याऐवजी गाळ दिसायला लागला आणि नळाला पाणी यायचा दिवस लांबत लांबत विसरायला झाला. त्याच वर्षांत आमच्याभोवती मात्र इमारतींचं पीक आलं होतं. जालना रोडवर फ्लॅटच्या जाहिरातींचे फलक, त्यावर कारंजी, तलाव आणि तलावाकाठी हसणारं कुटुंब. फलकाखाली रिकामे हंडे घेऊन बायका उभ्या. प्रत्येक नव्या खड्ड्याबरोबर एक नवी बोअर खोल जायची, आणि एके दिवशी आमची बोअर नुसती हवा ओकून बंद पडली.

सरांनी वजन वापरलं आणि टँकर आला. हे मान्य करायला हवं, आणि सर ते तुम्हाला विसरूही देत नसत. पण आमच्या बिल्डरने खाली हौद बांधलाच नव्हता. टाकी होती ती गच्चीवर, आणि तिथं पाणी चढवायला मोटार नव्हती. त्यामुळे टँकर फाटकाशी उभा राही आणि पाणी हंड्या-कळशांनी जिना चढे. पुरुष कंपनीत नाहीतर कचेरीत, आणि घरी असले तरी पेपरमध्ये. म्हणजे पाणी बायकांनी चढवायचं.

सर या वेळी बाल्कनीत खुर्ची टाकून बसत. छत्री लावलेली, कारण उन्हाने त्यांचा वर्ण उतरत असे. हातात दुधाचा मोठा पितळी पेला, वर खारकेची पूड. तिथून ते खाली सूचना देत. कमरेतून वाकू नका, गुडघ्यातून बसा, हंडा अंगाजवळ घ्या, पाठ ताठ. टँकरवाला एकदा पाइप धरायला माणूस मागत होता, वर बघून त्याने सरांना हाक मारली. सरांनी सांगितलं की मी मार्गदर्शक आहे. "तो तुम वहींच बैठो साब," तो म्हणाला, "नीचे नक्को आओ, धूप लगेंगी." सरांना त्यात आदर दिसला.

तळमजल्यावर लताबाई जाधव राहायच्या. कन्नडकडच्या, शेतकरी घरातल्या. गावाकडची विहीर कोरडी पडली म्हणून नवरा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात लागलेला. लताबाईंना स्वतःला जिना नव्हताच. तरी सोसायटीच्या बैठकीत हौद बांधून मोटार बसवायची गोष्ट त्यांनीच काढली. मला काय, मी खालीच राहते, पण वरच्यांचे हाल बघवत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. चारदोन माना हलल्या. तेवढ्यात सर उभे राहिले.

"अंतराळात एवढंसं वजन मिळावं म्हणून माणसाला यंत्र न्यावं लागतं," ते म्हणाले. "आपल्याला निसर्गाने हंडा दिला, जिना दिला. आणि आपण मोटार बसवायला निघालो. माताभगिनींची हाडं विरघळवायची आहेत का आपल्याला?"

जिना निसर्गाने नव्हे, बिल्डरने दिला होता, आणि तोही उंच पायऱ्यांचा. पण माताभगिनींचा हा कैवार ऐकून बैठकीतले सगळे पुरुष सैलावून बसले. वर्गणी टळली, कष्ट टळले आणि वर शास्त्राचा टेकू मिळाला. लताबाईंनी विचारलं, "सर, तुमच्या हाडाला नाय का लागत वजन?" सर म्हणाले, माझा प्रश्न वेगळा आहे, माझं काम बौद्धिक आहे. ठराव एकमताने फेटाळला गेला. एकमताने, कारण फ्लॅट नवऱ्याच्या नावावर म्हणून लताबाईंचं मत धरलंच नाही, आणि माझ्यासकट वरच्या मजल्यांवरच्या बायका तेव्हा आत बैठकीचा चहा करत होत्या.

त्या दिवसापासून पाणी भरण्याला सर 'अंतराळ व्यायाम' म्हणायला लागले आणि वहिनी त्यांच्या पहिल्या विद्यार्थिनी झाल्या. घरात लागेल तेवढं सगळं पाणी त्या एकट्या चढवायच्या. सोमवारचा उपास, गुरुवारचा उपास, चतुर्थी आली तर तीही, आणि उपासाला मूठभर साबुदाणा. दारात हंडा टेकवून त्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या की मला त्यांच्या गळ्याची हाडं मोजता येत. आतून सरांचा आवाज येई, "आज पाठ वाकली होती तुझी, मी वरून बघितलं."

उन्हाळा तोंडावर आला आणि वहिनी न्हाणीघरात बसल्या जागी कलंडल्या. घसरल्या नाहीत, कुठून पडल्या नाहीत. नुसत्या कलंडल्या, हात टेकला आणि मनगट मोडलं. सरांचं त्या दिवशी व्याख्यान होतं. ते व्याख्यानाला गेले आणि मी वहिनींना घेऊन हाडांच्या डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टर तरुण होता. फोटो उजेडासमोर धरून त्याने बराच वेळ पाहिला. मग म्हणाला, "काकू, एवढ्याशा धक्क्याने हे मोडायला नको होतं. हाडं फार ठिसूळ झालीत." काय खाता, त्याने विचारलं. वहिनी म्हणाल्या, सगळं खाते. दूध? मला नाही आवडत. त्याने समजावून सांगितलं. दूध-दही, तीळ, डाळी, शेवग्याची भाजी, अंगावर सकाळचं ऊन. व्यायाम हवाच, पण शिकून घेऊन, हलक्या वजनाने, पाठ न वाकवता. हंडा बंद. पुढच्या खेपेला मनगट नसेल, खुबा असेल नाहीतर मणका, आणि मग अंथरूण धरावं लागेल.

वहिनींनी खालमानेने सगळं ऐकलं. मग विचारलं, "पण अंतराळवीरांना वजन लागतंच ना?"

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. "लागतं," तो म्हणाला. "पण ते पोटभर खाऊन उचलतात, काकू. उपाशी हाडावर भार टाकला तर हाड वाढत नाही, मोडतं."

परतताना मी त्यांना बळेच माझ्या घरी बसवलं आणि दुधाचा पेला पुढे ठेवला. "मला नाही" एवढं त्यांच्या तोंडातून निघालं. मग डाव्या हाताने त्यांनी पेला उचलला आणि मधे श्वाससुद्धा न घेता रिकामा केला. ओठावरची साय पदराने टिपली आणि हळूच म्हणाल्या, "पिशवी पुरत नाही हो बाई. सरांना दोन्ही वेळा पेला लागतो, मग चहा, राहिलं तर विरजण. म्हणून सांगून टाकायचं, नाही आवडत. म्हणता म्हणता मलाही खरंच वाटायला लागलं होतं."

मला त्या माणसाची किळस आली. राग नव्हे, किळस. राग यायला समोरचा माणूस थोडा तरी मोठा वाटावा लागतो. या एका 'नाही आवडत'वर आपल्या घराघरांतलं किती दूध, किती तूप, किती वरची साय योग्य त्या पोटात गेली आहे, याचा हिशेब कुणी मांडू नये, पण निदान त्या पोटाने हाडांवर व्याख्यानं तरी देऊ नयेत.

मी समोरच्या दारात गेले आणि डॉक्टर काय म्हणाले ते जसंच्या तसं सांगितलं. सर व्याख्यानाहून नुकतेच आले होते, गळ्यात हार तसाच होता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते डॉक्टर जमिनीवरचे आहेत."

मी म्हटलं, वहिनीही जमिनीवरच्याच आहेत. पण सर पुढे गेले होते. मनगट मोडलं याचा अर्थ भार कमी पडला. तोही चुकीच्या जागी पडला. भार सरळ मणक्यावर यायला हवा. प्लास्टर निघालं की हंडा कमरेवर नाही, डोक्यावर. आहाराचं काय, मी विचारलं. "आहार," सर म्हणाले, "हा स्वतंत्र विषय आहे."

प्लास्टर निघालं आणि वहिनी खरोखर डोक्यावर कळशी घेऊन जिना चढायला लागल्या. लताबाईंनी आणि मी त्यावर तोड काढली. बाल्कनीतून जिना दिसत नाही. वहिनी फाटकातून कळशी घेऊन निघत, पहिल्याच वळणावर आमच्यापैकी कुणीतरी ती काढून घेई, आणि त्यांच्या दाराशी पुन्हा त्यांच्या डोक्यावर ठेवी. नवऱ्याला फसवतोय म्हणून वहिनी कावऱ्याबावऱ्या होत. पण माझी शाळा, लताबाईंचं गावाकडे जाणं. आमच्याच्याने रोज निभणारं हे नव्हतं. डॉक्टरचा तो मणक्याचा शब्द माझ्या डोक्यातून जात नव्हता. वहिनी दाराआड दिसेनाशा झाल्या की मी कान देऊन ऐकत असे, कुठे काही पडलं का.

अशात सरांचा जाहीर सत्कार ठरला. अंतराळ व्यायामाच्या प्रसाराबद्दल, नगरसेवकाच्या हस्ते. फाटकाच्या आत मांडव पडला, खुर्च्या आल्या, सरांच्या वजनामुळे भरलेला टँकरही त्याच मुहूर्तावर येऊन उभा राहिला. सरांनी नेहमीचं भाषण केलं. वजन आहे म्हणून आपण आहोत. मग म्हणाले, आता प्रात्यक्षिक, ते माझी अर्धांगिनी करून दाखवेल. मांडवाच्या मधोमध पाण्याने काठोकाठ भरलेला मोठा पितळी हंडा ठेवला होता. कळशी नव्हे, हंडा. पाहुण्यांसमोर कळशी कशी चालेल.

वहिनी पुढे आल्या. पदर खोचला. प्लास्टरमधून निघालेलं मनगट अजून पांढुरकं आणि बारीक दिसत होतं. त्या वाकल्या, आणि लताबाईंनी उठून हंड्याच्या काठावर हात ठेवला.

"थांबा वहिनी," त्या म्हणाल्या. मग सरांकडे वळल्या. "सर, तुमीच दाखवा की. शास्त्र तुमचं हाय. आमी काय, चुकीचंच उचलत असू."

बायकांत खसखस पिकली. सर हसले, हात पाठीमागे गेले, माझं काम मार्गदर्शनाचं, असं काहीतरी सुरू झालं. नगरसेवक इतका वेळ मोबाइलमध्ये होता. त्याने मान वर केली. त्याला यात कुणाची चेष्टा वगैरे दिसली नसावी. अगदी मनापासून तो म्हणाला, "व्हय की सर, दाखवा. तुमचं तर लई वजन हाय."

आता माघार नव्हती. सरांचे हात पाठीमागून सुटून पुढे आले. मी ते पहिल्यांदाच नीट पाहिले. मऊ, गोरे, शाळकरी मुलीसारखे. इतकी वर्षं बाल्कनीतून जे जे करू नका म्हणून ओरडले होते ते सगळं त्यांनी ओळीने केलं. गुडघे ताठ ठेवले, कमरेतून वाकले, हंडा अंगापासून लांब धरला आणि हिसका दिला. हंडा जेमतेम उचलला गेला. एक बारीक आवाज झाला, सुपारी फुटावी तसा, की तो मला नंतर ऐकल्यासारखा वाटला, सांगता येत नाही. सर गुडघ्यांवर बसले आणि हंडा कलंडला. बायका धावल्या त्या आधी हंड्याकडे. निम्मं पाणी वाचलं. मग सगळ्यांनी सरांकडे पाहिलं.

मणका दबला होता. डॉक्टर तोच, ज्याला सरांनी जमिनीवरचा म्हटलं होतं. त्याने फोटो उजेडासमोर धरला, सरांकडे पाहिलं आणि विचारलं, दूध घेता का. वहिनींनी सांगितलं, दोन्ही वेळा. चालता? नाही. जिना? क्वचित. ऊन? छत्री असते. "म्हणजे माल येऊन पडत होता," डॉक्टर म्हणाला, "बांधकामच झालं नाही." एकाच घरात एकीला नुसता भार आणि एकाला नुसतं दूध. अंतराळवीराचे दोन भाग करून सरांनी ते दोघांत वाटून घेतले होते, आणि आपल्याला कुठला ठेवायचा यात चूक केली नव्हती, असं त्यांना वाटत होतं.

दवाखान्यातून आणलं तेव्हा दुपार होती. पुरुष सगळे कामावर, जिना तसाच उंच. पाठीला पट्टा बांधलेल्या सरांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि आम्ही चौघी बायकांनी खुर्ची उचलली. लताबाई पुढे. पाणी चढवून चढवून आम्हाला त्या जिन्याची प्रत्येक पायरी पाठ होती. कुठे वळायचं, कुठे दम घ्यायचा, सांगावं लागलं नाही. पहिल्या वळणावर लताबाई थांबल्या. टोमणा मारत नव्हत्या, खरंच चकित झाल्या होत्या.

"बाई, लई हलके हायेत हो सर," त्या मला म्हणाल्या. "भरल्या हंड्याएवढं बी वजन नाय."

सरांनी डोळे मिटून घेतले. मागून वहिनी येत होत्या. डॉक्टरने काही उचलायचं नाही म्हटलं होतं, म्हणून त्यांच्या हातात काही नव्हतं. फक्त मांडवात पडलेला सरांचा बिल्ला तेवढा होता. त्या जिन्यावर त्यांना रिकाम्या हातांनी चढताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्यांना ते जमत नव्हतं. हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं.

हौद आणि मोटारीचा ठराव पुढच्याच बैठकीत पुन्हा आला. सरांनी अंथरुणावरून चिठ्ठी पाठवली होती की ही काळाची गरज आहे. पडून राहणाऱ्या माणसाला पाणी फार लागतं. माताभगिनींच्या हाडांचा मुद्दा या वेळी कुणीच काढला नाही. महिन्या-दीड महिन्यात मोटार घरघरायला लागली आणि वहिनींचे हंडे माळ्यावर गेले.

पाऊस आला त्या वर्षी सरांनी फ्लॅट विकला आणि लिफ्ट असलेल्या नव्या इमारतीत जायचं ठरवलं. निघायच्या आदल्या सकाळी मी निरोप घ्यायला गेले, ती त्यांची माझी शेवटची भेट. सर बाल्कनीत खुर्चीवर बसले होते, छत्रीशिवाय. डॉक्टरने ऊन सांगितलं होतं. पट्ट्यावरून सदरा, सदऱ्यावर बिल्ला. पलीकडे वहिनी अर्ध्या भरलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या हातांत घेऊन सावकाश वर-खाली करत होत्या, शिकवल्याप्रमाणे, पाठ ताठ. त्यांचे दंड जरा भरले होते. माझ्याकडे बघून हसल्या, पण मधेच थांबल्या नाहीत.

सर उत्साहात होते. नव्या सोसायटीने व्याख्यानाला बोलावलं होतं. विषय ठरला होता, 'अंतराळवीरांचा आहार'. स्वतःच्या अनुभवातून बोलणार, असं ते म्हणाले. हा विषय इतकी वर्षं दुर्लक्षित राहिला याचं त्यांना वाईट वाटत होतं. दुर्लक्ष कुणी केलं हे त्यांच्या बोलण्यात कुठे आलं नाही, आणि मी शोधलंही नाही. त्या माणसात शोधण्यासारखं काही आहे असं मला वाटणं केव्हाच थांबलं होतं.

वहिनींनी बाटल्या ठेवल्या, आत गेल्या आणि दूध घेऊन आल्या. एक तो मोठा पितळी पेला आणि एक चहाचा कप. सरांचा हात बोलता बोलता सवयीने पेल्याकडे गेला. वहिनींनी त्यात कप दिला आणि पेला आपल्याकडे ओढला.

सर बोलायचे थांबले. कपाकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं. "सुमन," ते म्हणाले, चुकलेल्या विद्यार्थिनीला समजवावं तसं, "तुला दूध आवडत नाही."

"आवडतं," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी पेला तोंडाला लावला.